सायकल चालवतेस ना, मग खा की!

मैत्रिणींनो, सायकल चालवणाऱ्या बाईला आपल्याकडे दोन वाक्ये हमखास ऐकावी लागतात. पहिले हळदीकुंकवाला, बारशाला नाहीतर लग्नाच्या पंगतीत : "तुला काय होतंय बाई, तू तर सायकल चालवतेस! घे अजून एक जिलबी." दुसरे जरा पाठीमागून, दबक्या आवाजात : "रोज एवढी सायकल हाकते, पण अंगानं आहे तशीच आहे की! मग कशाला तो खटाटोप?" पहिले वाक्य प्रेमाने म्हटलेले असते. दुसरे कशाने, ते तुम्ही जाणताच.

वरवर पाहिले तर ही दोन वाक्ये एकमेकींच्या अगदी विरुद्ध. पण दोन्हींच्या पोटातली समजूत मात्र एकच, की सायकल आणि खाणे म्हणजे एकाच वहीतली जमा आणि खर्च. सायकल चालवली की तेवढे खायला मोकळीक, आणि तेवढे खाल्ले की सायकल चालवणे फुकट. ही समजूत इतकी सोयीची आहे, की घरोघरी ती बिनबोभाट नांदते. आमच्याही घरी नांदत होती. गेले वर्षभर मी तिला घराबाहेर काढायच्या मागे आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

माझ्या दृष्टीने हा प्रश्न नुसता कमरेच्या घेराचा नाही, बरं का. धाकटीच्या वेळी सातव्या महिन्यात माझी रक्तातली साखर वाढली होती. बाळंतपणानंतर ती आपोआप उतरली, तेव्हा घरातल्या सगळ्यांनी सुटकेचा नि:श्वास टाकला आणि विषय मिटवला. पण आमच्या डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितले, की गरोदरपणात साखर वाढलेल्या बाईला पुढे मधुमेह होण्याची शक्यता इतर बायकांपेक्षा बरीच जास्त असते. तेव्हा तपासणी चुकवायची नाही आणि अंग हलते ठेवायचे. त्यातून माझ्या आईला चाळिशीतच मधुमेह जडलेला. तिच्या पायाची जखम सहा-सहा महिने कशी चिघळत राहते, ते मी माहेरी गेले की पाहतेच. म्हणून धाकटी बालवाडीत जाऊ लागली तशी मी सायकल घेतली. शाळेतली माझी नोकरी अर्धवेळ, दुपारच्या तासांची. शाळा घरापासून चार किलोमीटरवर. आमची सांगली तशी सपाट, त्यामुळे गुडघ्यांनीही तक्रार केली नाही. सुट्टीच्या दिवशी पहाटे उठून हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमापर्यंत जाऊन यायचे. या गोष्टीला आता चार वर्षे झाली.

आणि गेल्या वर्षीच्या तपासणीत माझी 'तीन महिन्यांची साखर' निघाली ५.९. हा आकडा ५.७ च्या खाली असला तर ठीक, ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, ६.५ च्या पुढे मधुमेह. कागद हातात घेऊन मी तिथेच बाकावर बसले. ऊन नाही, पाऊस नाही, पाळीचे दिवस नाहीत, चार वर्षे पायडल मारत राहायचे आणि त्याचे फळ हे? आमचे हे म्हणाले, "मग त्या सायकलचा उपयोग तरी काय?" हे स्वतः दर रविवारी सायकल चालवणारे गृहस्थ, तरी असे म्हणाले!

डॉक्टरीणबाईंनी मात्र ते वाक्य उलटे केले. "सायकल नसती तर आज हा आकडा कुठे असता, ते आधी मनात आणा. सायकल तिचे काम चोख करते आहे. आता तिचे काम नसलेले काय काय आपण तिच्यावर टाकले आहे, ते बघू."

तर आधी सायकलचे काम काय, ते पाहू. आपण पायडल मारतो तेव्हा मांड्यांचे नि पोटऱ्यांचे मोठे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, आणि त्यासाठी त्यांना इन्शुलीनच्या हाताकडे फारसे बघावे लागत नाही. शिवाय सायकलवरून उतरल्यावरही दिवसभर, कधी दोन दिवस, शरीर इन्शुलीनला जास्त चांगली दाद देते. म्हणजे हा परिणाम दोन दिवसांत ओसरणारा. आठवड्यातून एकदाच पन्नास किलोमीटर हाणण्यापेक्षा रोजचे सात-आठ किलोमीटर का बरे, ते यावरून कळते. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला निदान १५० मिनिटे मध्यम जोराचा व्यायाम सांगते. घर ते शाळा आणि शाळा ते घर, एवढ्यात माझा तो वाटा सहज भरतो.

पण उष्मांकांच्या हिशेबात सायकल फार गरीब आहे हो! साठ किलो वजनाच्या बाईने बेताच्या वेगाने अर्धा तास सायकल चालवली, तर साधारण दीडशे उष्मांक खर्च होतात. आता स्वयंपाकघरात या. चहाचा एक चमचा साखर म्हणजे ५ ग्रॅम, म्हणजे २० उष्मांक. दिवसाला चार कप चहा, कपाला दोन चमचे साखर, की झाले १६० उष्मांक. अर्धा तास घाम गाळून कमावले ते चहाच्या कपातच विरघळले! वडापाव खाल्ला तर एका वड्यापावाचे तीनशेच्या घरात, म्हणजे तासभर सायकल. शंभर ग्रॅम शेव-फरसाणाचे साडेपाचशेच्या आसपास, आणि शंभर ग्रॅम म्हणजे काय, गप्पा मारता मारता हात डब्यात किती वेळा जातो हे कुणी मोजलेय? खाण्याला दोन मिनिटे लागतात आणि ते फेडायला दोन तास. हा सौदा बाईमाणसाला तर मुळीच परवडण्यासारखा नाही. दोन तास आणायचे कुठून?

म्हणून मी आता असे धरले आहे, की सायकल आणि खाणे या दोन वेगळ्या वह्या आहेत. महिनाअखेरीस आपण दूधवाल्याचे पैसे वेळेवर चुकते केले म्हणून वाणी आपली उधारी सोडतो का? आणि वाण्याची उधारी थकली म्हणून दूधवाल्याचे पैसे दिले ते वाया गेले, असे तरी कोण म्हणते? दोघांचे दोघांना द्यावे लागते. सायकल चालवली त्याचा फायदा शरीराच्या पदरात पडतोच, जिलबी खाल्लीत तरी पडतो. आणि जिलबीचे नुकसानही होते ते होतेच, सायकल चालवलीत तरी होते.

ही काही माझ्या मनची गोष्ट नाही. १९५३ साली लंडनच्या जेरेमी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या दुमजली बसवरच्या नोकरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा जिन्याने वरखाली करणाऱ्या तिकीट देणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होतो, असे त्यात दिसून आले. मग कुणी शंका काढली, की वाहक मुळातच सडपातळ असतील! मॉरिससाहेबांनी दोघांच्या गणवेशाच्या विजारींची कमरेची मापेसुद्धा मिळवली. (शिंप्याच्या वहीचा असा उपयोग मी तरी पहिल्यांदाच ऐकला.) वाहकांच्या कमरा लहान होत्या हे खरे, पण ढेरपोट्या वाहकालाही त्याच मापाच्या चालकापेक्षा धोका कमीच होता. तेव्हा "अंगानं आहे तशीच आहे" म्हणणाऱ्या आपल्या शेजारणींना हे जरूर सांगा.

दुसऱ्या बाजूचा पुरावाही इंग्लंडातूनच आला. २०२२ साली ब्रिटनमधल्या सुमारे साडेतीन लाख माणसांच्या अनेक वर्षांच्या नोंदी तपासून असे मांडले गेले, की भरपूर व्यायामाने वाईट खाण्याचे परिणाम पुरते पुसले जात नाहीत आणि चांगल्या खाण्याने बसून राहण्याचेही नाहीत. दोन्ही नीट असलेली माणसे सगळ्यांत फायद्यात.

इतके ज्ञान मिळाल्यावर मी एक आठवडा वही ठेवली. जे जे तोंडात जाईल ते लिहायचे, अगदी चव बघण्यासाठी घेतलेले सुद्धा. मैत्रिणींनो, ही वही एकदा ठेवून बघाच. ताटातले जेवण आमच्याकडे तसे वाईट नाही. शाळूची भाकरी, एखादी पालेभाजी, आमटी. गोम होती ती ताटाबाहेर. धाकटीने टाकलेली अर्धी पोळी आणि तूप-साखर. थोरल्याच्या डब्यात उरलेले नूडल्स. "आता एवढ्यासाठी कुठे भांडे काढायचे" म्हणून संपवलेली दोन चमचे खीर. आपण बायका अन्न वाया जाऊ नये म्हणून ते पोटात ठेवतो, जणू आपले पोट म्हणजे घरातला सर्वांत मोठा डबा! आणि सर्वांत वाईट वेळ कोणती, तर शाळेतून सायकलवरून परत आल्यावरची. साडेपाच वाजलेले, सकाळी दहाला जेवलेले, पोटात कावळे कोकलत असलेले, आणि समोर भडंगाचा डबा. सांगलीच्या माणसाला भडंगाविरुद्ध काही सांगायचे म्हणजे पाप आहे. लसूण-शेंगदाण्याचा तो वास नुसता आला तरी चप्पल काढायच्या आधी हात डब्यात जातो. त्यावर चहा, चहाबरोबर दोन बिस्किटे, आणि मनात ते लाडके वाक्य : आत्ताच तर सायकलवरून आले आहे!

भूक खरी असते, ही यातली मेख आहे. व्यायामाने भूक लागणारच. तिला दटावून उपयोग नाही. म्हणून मी भडंगावर बंदी घातली नाही, त्याच्या पुढे दुसरे काहीतरी उभे केले. सकाळी मटकीची उसळ करताना वाटीभर जास्त करून ठेवते. नाहीतर उकडलेले अंडे, नाहीतर फुटाणे आणि एखादा पेरू. घरात पाऊल टाकले की आधी ते, वर ताक. त्यानंतर भडंगाचा डबा उघडला तरी मूठभरात समाधान होते. तासगावचा बेदाणा आमच्याकडे घरोघरी असतो. फळच की ते, म्हणून मुठी भरभरून खाल्ला जातो. पण वाळवल्यावर द्राक्षातले पाणी तेवढे जाते, साखर सगळी जागच्या जागी राहते. तेव्हा मोजून आठ-दहा.

चहाचे जरा अवघड गेले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले, की वरून घातलेली साखर दिवसाच्या उष्मांकांच्या दहा टक्क्यांच्या आत असावी, आणि पाच टक्क्यांच्या आत आणली तर आणखी चांगले. दोन हजार उष्मांक खाणाऱ्याला पाच टक्के म्हणजे २५ ग्रॅम, पाचच चमचे. मी आधी कपाला दीड चमचा, मग एक, मग अर्धा असे तीन महिन्यांत उतरले आणि चारातले दोन कप सोडले. एकदम बंद करू नका. डोके दुखते, आणि ते दुखणे मुलांवर निघते.

तेलाचे काम सासूबाईंशी बोलल्याशिवाय होण्यासारखे नव्हते. त्यांच्या हाताला चव आहे आणि ती चव तेलात आहे असे त्यांचे ठाम मत. मी तेल कमीचा विषय काढला तशी त्या म्हणाल्या, "अगं, उन्हातान्हाची सायकल रेटत येतेस. वर तेलातुपाची काटकसर केलीस तर अंगात त्राण कुठून राहायचं? आम्ही नाही का पुरणपोळीवर वाटी-वाटी तूप ओतून खाल्लं? आम्हाला काही झालं नाही ते!"

मी म्हटले, "आई, पण पुरणपोळी वर्षातून किती वेळा व्हायची?"

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "होळीला. आणि एखाद्या बैलपोळ्याला. तळण म्हणशील तर दिवाळी आणि लग्नकार्य. एरवी कुठलं गं! भाकरी आणि आंबाडीची भाजी." आणि मग स्वतःच हसल्या. सण आता रोजच येतो, हे मी त्यांना सांगावे लागले नाही. आम्ही तेलाच्या डब्यावर तारीख लिहायला लागलो. पाच माणसांत महिन्याला सात किलो जात होते, ते आता पाचावर आले आहे. घरात कुरकुर झाली ती फक्त वांग्याच्या भाजीवरून. तिला मात्र तर्री पाहिजेच असे मलाही वाटते, म्हणून त्या दिवशी दुसरे काही तळायचे नाही असा तह झाला आहे.

आता आमच्या ह्यांच्या रविवारच्या मंडळींविषयी दोन शब्द. पहाटे पाचला डोक्यावर शिरस्त्राणे, अंगाला चिकटलेले रंगीत सदरे, बाटल्यांत ग्लुकोजचे पाणी, अशी ही सेना निघते. तीस किलोमीटर जायचे, तिथे नावाजलेली मिसळ खायची, वर पाव मागवत राहायचे, शेवटी जिलबी, आणि तीस किलोमीटर परत. "सगळे जिरले!" असे दारातूनच जाहीर होते. मग दुपारी तीन तास झोप आणि सोमवार ते शनिवार सायकल भिंतीला टेकलेली. मी एवढेच म्हटले, की माझी वही मी ठेवली, तुमची तुम्ही ठेवा. वही काही ठेवली गेली नाही; पण बाटलीत ग्लुकोजऐवजी साधे पाणी आले आहे. आपल्या घरगुती अर्ध्या-पाऊण तासाच्या सायकलीला तर ग्लुकोजची अजिबात गरज नसते. तहान लागली तर पाणी, उन्हाळ्यात चिमूटभर मीठ घालून ताक. गोड पाणी पिऊन व्यायामाला निघणे म्हणजे घर झाडायच्या आधी केर टाकण्यासारखे आहे.

एक गोष्ट मात्र पुरुषांपेक्षा आपल्याला जास्त लागू आहे, म्हणून ती सांगतेच. खाणे वाईट म्हणजे नुसते तेलकट-गोड जास्त, असे नव्हे; हवे ते कमी, हेही त्यातच आले. आमच्या शाळेतल्या एका बाईंनी माझे पाहून सायकल सुरू केली. पण पुलाच्या चढाला त्यांना धाप लागे, डोळ्यांपुढे अंधारी येई. "मला जमायचं नाही हो, माझा पिंडच नाही," म्हणून त्या सायकल विकायला निघाल्या होत्या. मी हट्टाने रक्त तपासायला लावले, तर हिमोग्लोबिन ९. बाईचे ते १२ तरी असायला हवे. पिंड वगैरे काही नाही, रक्तच कमी! २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय बायकांपैकी शंभरात ५७ जणींना रक्तक्षय आढळला होता. म्हणजे सायकलला नावे ठेवून घरी बसलेल्या किती जणी खरे म्हणजे लोह कमी म्हणून बसल्या असतील! त्या बाईंना डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, आणि जेवणाबरोबरचा चहा बंद करायला सांगितला, कारण चहामुळे अन्नातले लोह अंगी लागत नाही. भाजीवर लिंबू पिळा म्हणाले. लिंबाने ते लागते. पाच महिन्यांनी त्याच पुलावर त्या माझ्यापुढे गेल्या, आणि वर जाऊन थांबून माझी वाट बघत राहिल्या.

हाडांचेही तसेच. सायकलवर आपला भार सायकल वाहते, हाडे नव्हे. म्हणून हाडे बळकट व्हायला सायकल फारशी उपयोगी नाही. त्यासाठी चालणे, जिने चढणे, वजन उचलणे हवे. पाण्याच्या कळशा आणि जाते गेले, ते बरेच झाले म्हणा, पण हाडांना त्यांचे काम राहिले नाही. मी शाळेचे तीन मजले जिन्यानेच चढते, आणि घरात नाचणीचे आंबील पुन्हा सुरू केले आहे. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. धान्यांत एवढे दुसऱ्या कशात नाही. मुलांनी पहिल्या दिवशी नाके मुरडली. आता धाकटी पिते, थोरला अजून मुरडतो.

उपासाची गोष्ट राहिलीच. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' हे आपल्या आज्यांनी उगाच म्हटलेले नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यात बटाटा, वर तूप, आणि शाळेत जायचे म्हणून दोन वेळची खिचडी एकदमच. अशा दिवशी दुपारी वर्गात उभी राहून शिकवताना मला पेंग येते, हे वहीमुळे कळले. आता माझ्या ताटात वरीचा भात थोडा, दाण्याची आमटी जास्त, आणि दही. चतुर्थी मोडली असे कुणी म्हणाले नाही.

वर्षाने पुन्हा तपासले तेव्हा आकडा ५.६ निघाला. वजन फक्त दोन किलो उतरले आहे, तेव्हा पाठीमागची कुजबुज चालूच असणार. आकडा तिथेच राहील याची खात्री कुणी देत नाही. आईकडून आलेले काही माझ्या वहीने पुसले जाणार नाही. डॉक्टरीणबाईंनी यापुढे सहा-सहा महिन्यांनी तपासायला सांगितले आहे, आणि ती तारीख नेमकी दिवाळीच्या तोंडावर येते. हे म्हणतात, फराळाला हात लावायच्या आधीच रक्त देऊन मोकळी हो. पण मी दिवाळी झाल्यावरच देणार आहे.